पाच-दोन, चाळीस-पंधरा!

मे महिन्यातल्या दुपारी अकोल्याहून बडनेऱ्याकडे येणाऱ्या गाडीत बसण्याचा योग ज्याच्या वाट्याला आला असेल, त्याला उकाडा म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. खिडकी बंद करावी तर जीव गुदमरतो आणि उघडावी तर भट्टीचे दार उघडल्यासारखी झळ अंगावर येते. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी मी आणि माझी बारा वर्षांची नात समोरासमोर बसलो होतो. तिच्या मांडीवर दोन रॅकेटी होत्या. माझ्याजवळ पन्ह्याची बाटली होती आणि ऊन लागू नये म्हणून तिच्या आजीने आठवणीने खिशात टाकलेला कांदा होता. बोरगाव मंजू मागे पडले तरी दोघांपैकी कोणी तोंड उघडले नव्हते.

त्या सकाळी अकोल्याला चौदा वर्षांखालील मुलींच्या स्पर्धेत तिचा सामना झाला होता. पहिला सेट तिने जिंकला, दुसरा हरली आणि तिसऱ्यात पाच-दोन अशी पुढे गेली. सर्व्हिस तिची, गुण चाळीस-पंधरा. टेनिस न खेळणाऱ्या वाचकांसाठी याचा अर्थ एवढाच सांगतो, की सामना संपवायच्या दोन संधी तिच्या हातात होत्या. त्यांतली एक साधली असती तरी पुरे होते. पहिल्या संधीला तिने डबल फॉल्ट केला. दुसऱ्या संधीला अगदी सोपा चेंडू जाळीत मारला. त्यानंतर तासाभरापूर्वी हरणासारखी पळणारी पोर जागच्या जागी खिळल्यासारखी झाली. हात आखडले, पाय जड झाले आणि पाहता पाहता पाच-दोनचे पाच-सात झाले.

"इथे पूर्वी शकुंतला उभी असायची बरं का," मूर्तिजापूरच्या फलाटाकडे बोट दाखवून मी बोलणे सुरू करायचा प्रयत्न केला. "हं," एवढेच उत्तर आले. मग मात्र माझ्यातला मास्तर जागा झाला. मूर्तिजापूरपासून पुढे मी अखंड बोलत होतो. दुसऱ्या सर्व्हिसला घाई कशाला केली, सोपा चेंडू एवढ्या जोरात मारायचे कारण काय, मन घट्ट नको का, एवढ्याशाने हातपाय गाळणाऱ्याने टेनिस कशाला खेळावे! ती खिडकीबाहेर बघत ऐकत राहिली. बडनेरा जवळ आल्यावर हळूच म्हणाली, "आजोबा, मी आता खेळायला नाही येणार."

"का? हरलीस म्हणून?"

"नाही. हरल्याचं एवढं काही नाही. पण डबल फॉल्ट झाल्यावर मी तुमच्याकडे बघितलं ना…" आणि ती थांबली. "तुमचा चेहरा बघितला, आणि मग मला काही सुचेचना."

घरी आल्यावर हकीकत ऐकून तिच्या आजीने एकच प्रश्न केला : "हरलं कोण? पोर, की तुम्ही?"

चोरी झाल्यासारखे तोंड

गेली तीस वर्षे मी अमरावतीत सकाळच्या वेळी मुलांना टेनिस शिकवीत आलो आहे. पोटाचा उद्योग निराळा होता, ही हौस. सर्व्हिस कशी करावी, बॅकहँडला पाय कुठे ठेवावा, हे मी झोपेतही सांगू शकेन. मुलांना सामन्यात मन कसे ठेवावे हे मात्र मी कधी शिकवले नव्हते. ते ज्याचे त्याने घरून आणावे, अशीच माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी कोर्टावर आमचे जुने मार्कर भेटले. आमची वऱ्हाडची काळी माती कापसाला सोन्यासारखी, पण टेनिसला कुचकामाची. पावसात ती पायाला धरते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. म्हणून मुरूम घालून, रूळ फिरवून, वरून शेणाचा हात देऊन कोर्ट करावे लागते. हे काम या माणसाने चाळीस वर्षे केले आणि कोर्टाच्या कडेला बसून माणसांच्या दोन पिढ्या पाहिल्या. माझी तक्रार त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाले, "साहेब, पोट्टीनं दोन फॉल्ट केले म्हणता. तुमी तं मॅचभर फॉल्ट करून रायले असान! तिचा पॉइंट गेला का तुमचं तोंड असं होते, जसं काई घरात चोरी झाली. ते लेकरू बॉलकडे पाहीन का तुमच्या तोंडाकडे?"

मला राग आला. घरी जाऊन विचार केला तेव्हा राग गेला आणि एक जुनी गोष्ट वर आली.

कॉलेजात असताना मी याच अकोल्यात एका स्पर्धेच्या उपान्त्य फेरीत खेळत होतो. दुसऱ्या सेटच्या तिसऱ्या गेममध्ये माझा एक चेंडू रेषेवर पडला. प्रतिस्पर्ध्याने तो बाहेर दिला. चुन्यावर उठलेली त्या चेंडूची खूण मला आजही दिसते! मी भांडलो, रुसलो आणि सामना हरलो. पुढे चाळीस वर्षे, ज्याला ऐकायचे आहे त्याला आणि ज्याला नाही त्यालाही, मी "त्या चेंडूने" हरलो असे सांगत आलो. त्या चेंडूनंतर दीड तास खेळ चालू होता आणि त्या दीड तासात मी एकही चेंडू नीट पाहिला नाही, हे मात्र मी कधी कुणाला सांगितले नाही. ते तोवर मलाच कळले नव्हते. आणि तेच गाठोडे मी नातीच्या पाठीवर देऊन तिला अकोल्याला घेऊन गेलो होतो.

एकट्याचा खेळ

टेनिसमध्ये मनाचा एवढा कस लागतो याला कारणे आहेत. क्रिकेटमध्ये बाद झालेला फलंदाज तंबूत जाऊन बसतो. फुटबॉलमध्ये चूक झाली तर झाकायला दहा सोबती असतात. टेनिसच्या एकेरीत चूक करणारा तिथेच उभा राहतो आणि अर्ध्या मिनिटाच्या आत त्याला पुन्हा खेळावे लागते. या खेळाला घड्याळ नाही. आघाडी मिळाली म्हणून वेळ काढून सामना जिंकता येत नाही, शेवटचा गुण आपणच मिळवावा लागतो. सामना चालू असताना प्रशिक्षकाने काही सांगू नये असाच या खेळाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा दंडक. तो २०२५ पासून आंतरराष्ट्रीय नियमांत सैल झाला, तरी चेंडू मारायचा तो एकट्यानेच. शिवाय मुलांच्या पुष्कळशा सामन्यांना पंच नसतात. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर हे मुलांनी स्वतःच सांगायचे. बारा वर्षांच्या पोराने स्वतःच खेळाडू, स्वतःच न्यायाधीश आणि स्वतःच स्वतःचा सांत्वन करणारा व्हायचे, म्हणजे ही परीक्षा काही लहान नाही.

आणि ती भल्याभल्यांना अवघड गेली आहे. १९९३ सालच्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात याना नोव्होत्ना स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये चार-एक अशी पुढे होती. पुढचा गेमही तिचाच व्हायला एक गुण हवा होता. त्या गुणाला तिने डबल फॉल्ट केला आणि ओळीने पाच गेम गमावून ती हरली. बक्षीससमारंभात केंटच्या डचेसच्या खांद्यावर डोके ठेवून रडणारी नोव्होत्ना साऱ्या जगाने पाहिली. रॉजर फेडररसारखा खेळाडू! २०१९ च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात पाचव्या सेटमध्ये आठ-सात, सर्व्हिस त्याची आणि गुण चाळीस-पंधरा. माझ्या नातीचेच गुण! तोही सामना तो जोकोविचकडून हरला. हे मी नातीला सांगितले तेव्हा तिचा विश्वास बसेना. "फेडररसुद्धा?" म्हणाली, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली.

असे होते तरी का? अंधारात ओळखीचा जिना आपण बिनचूक चढतो, कारण पायांना तो पाठ असतो. पण प्रत्येक पायरीला 'आता उजवा पाय, आता डावा' असा विचार करू लागलो की ठेच ठरलेली. सर्व्हिसचेही तसेच आहे. हजारदा केलेली ती क्रिया हाताला पाठ असते. मॅच पॉइंटला मन एकाएकी जागे होते आणि हाताच्या कामात लुडबुड करते : चेंडू उंच फेक, मनगट वळव, चूक करू नकोस, सगळे बघताहेत! लोक याला भित्रेपणा म्हणतात. खरे म्हणजे हे नको त्या वेळी नको तिथे घातलेले लक्ष आहे. भित्रेपणाला औषध नसेल, लक्षाला वळण लावता येते.

कणखर मन म्हणजे आरडाओरडा नव्हे, मुठी वळणे नव्हे आणि भीती न वाटणे तर मुळीच नव्हे. भीती सर्वांना वाटते. झालेला गुण मागे टाकून पुढच्या गुणासाठी पुन्हा कोऱ्या मनाने उभे राहता येणे, एवढाच त्याचा अर्थ. फेडररने २०२४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात विद्यार्थ्यांपुढे भाषण केले, त्यात त्याने स्वतःचा हिशेब मांडला होता. एकेरीचे १,५२६ सामने तो खेळला, त्यांतले जवळजवळ ८० टक्के जिंकला. पण एकूण गुणांपैकी त्याने मिळवले अवघे ५४ टक्के. म्हणजे जगातला इतका थोर खेळाडू शंभरातले शेहेचाळीस गुण हरतच होता! खेळत असताना तो गुण सर्वांत महत्त्वाचा आणि संपल्यावर तो संपला, असे त्याने मुलांना सांगितले. हा हिशेब मी कागदावर लिहून नातीच्या अभ्यासाच्या टेबलासमोर लावला. हरलेला प्रत्येक गुण म्हणजे संकट नसून तो खेळाचा नेहमीचा खर्च आहे, हे तिला त्या कागदाने जितके पटले तितके माझ्या व्याख्यानांनी कधी पटले नसते.

पंचवीस सेकंदांचा संसार

नातीने पंधरा दिवस रॅकेटला हात लावला नाही. मी आग्रह केला नाही. सोळाव्या दिवशी ती आपण होऊन बूट घालून दारात उभी राहिली. तेव्हा आम्ही दोघांनी नव्याने शिकायचे ठरवले. ती खेळाडू म्हणून, मी आजोबा म्हणून.

पहिला धडा दोन गुणांच्या मधल्या वेळेचा. एक गुण संपल्यापासून पुढची सर्व्हिस होईपर्यंत नियमाने २५ सेकंद मिळतात आणि बाजू बदलताना ९०. सबंध सामन्यात चेंडू हवेत असतो त्याहून कितीतरी अधिक वेळ तो खिशात असतो. सामना बहुधा त्याच वेळात हरला जातो. जिम लोअर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मोठमोठे खेळाडू या मधल्या वेळात काय करतात याचे बारकाईने निरीक्षण केले. त्याला दिसले, की उत्तम खेळाडूंचा हा वेळ ठरलेल्या टप्प्यांनी जातो. गुण संपताच ते पाठ फिरवून ताठ चालू लागतात, मग श्वास सोडून अंग सैल करतात, मग पुढचा चेंडू कुठे मारायचा ते ठरवतात आणि शेवटी आपला नेहमीचा ठरीव विधी करतात. कोणी चेंडू ठरावीक वेळा आपटतो, कोणी रॅकेटच्या तारा सारख्या करतो. बघणाऱ्याला ते चाळे वाटतात, पण देवघरात बसताना आपण पळी-पंचपात्र जागच्या जागी मांडतो त्यातलाच तो प्रकार आहे. हात ओळखीच्या कामाला लागले की मन ठिकाणावर येते.

आम्ही नातीसाठी असा विधी बसवला. गुण जिंको वा हरो, रॅकेट डाव्या हातात घ्यायची, मागच्या जाळीकडे चालत जायचे, तिथे एक लांब श्वास सोडायचा, पुढचा चेंडू कुठे ते ठरवायचे, परत यायचे, चेंडू तीनदा आपटायचा. बस्स! रॅकेट डाव्या हातात घ्यायची एवढ्यासाठी, की उजव्या हाताला विसावा मिळतो आणि रागाने ती आपटायची इच्छाही थोडी कमी होते. पहिले आठ दिवस ती हे विसरे. महिन्याभराने ते तिच्या अंगवळणी पडले.

मनाला हाक कशी मारावी

दुसरा धडा स्वतःशी बोलण्याचा. खेळताना नात पुटपुटते हे मला ठाऊक होते; काय पुटपुटते ते मी कधी विचारले नव्हते. विचारले तर लाजत म्हणाली, "मूर्ख, बावळट, तुला काही येत नाही." ते शब्द ऐकून मी चपापलो, कारण त्यांतला 'बावळट' हा माझा होता.

टिमथी गॉलवे या अमेरिकन टेनिस-शिक्षकाने १९७४ साली खेळाडूच्या मनावर एक पुस्तक लिहिले, ते पुढे फार गाजले. त्याचे म्हणणे असे, की प्रत्येक खेळाडूत दोघे राहतात : एक सतत हुकूम सोडणारा आणि दोष देणारा, दुसरा मुकाट्याने खेळणारा. पहिला गप्प बसला की दुसरा उत्तम खेळतो. हे वाचताना मला आपल्या समर्थांची आठवण झाली. मनाचे श्लोक आपण सर्वांनी शाळेत पाठ केले. दोनशे पाच श्लोक आणि त्यांत समर्थ बोलतात ते मनाशी! पण बोलतात कसे? मनाला ते 'सज्जन' अशी हाक मारतात. चुकणाऱ्या, धावणाऱ्या, हट्टी मनाला समजावून सांगायचे तर आधी त्याला मान द्यावा लागतो, हे त्यांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी ओळखले होते. मी नातीला म्हटले, "तुझ्या मैत्रिणीने डबल फॉल्ट केला तर तिला तू काय म्हणशील?" ती म्हणाली, "असू दे, पुढचा घे." "मग स्वतःलाही तेच म्हण." तेव्हापासून 'असू दे, पुढचा घे' हा आमच्या घरचा मंत्र झाला. परवा भाजी करपली तेव्हा तिने तो आजीलाही ऐकवला!

विश्वास येतो कुठून?

'आत्मविश्वास ठेव' असे आपण मुलांना सांगतो, जणू तो कपाटात ठेवलेला असतो. आत्मविश्वास म्हणजे आठवण. 'हे मी पूर्वी केले आहे' ही आठवण ज्याच्याजवळ आहे, त्याला विश्वास शिकवावा लागत नाही. म्हणून सामन्यातली अडचण सरावात आणावी लागते. आम्ही सरावाचे सेट शून्य-शून्यपासून सुरू करणे सोडले. कधी ती दोन-पाच अशी मागे असल्याचे धरून खेळे, कधी पाच-दोन अशी पुढे. ओळीने दहा दुसऱ्या सर्व्हिस चौकटीत पडल्याशिवाय घरी जायचे नाही; नववी चुकली की पुन्हा एकपासून मोजायचे. त्या नवव्या-दहाव्या चेंडूला तिचा हात कापे, आणि मला तेच हवे होते. हात कापत असताना चेंडू आत टाकायची सवय घरच्या कोर्टावर झाली, तर परगावी उपयोगी पडते.

मागे पडलेला माणूस काय करू शकतो याचा दाखला हवा असेल तर रामनाथन कृष्णन यांच्याकडे पाहावे. वडिलांच्या हाताखाली तयार झालेला हा मद्रासचा खेळाडू १९५४ साली विम्बल्डनच्या मुलांच्या स्पर्धेत विजयी झाला आणि १९६० व १९६१ अशी ओळीने दोन वर्षे मोठ्यांच्या उपान्त्य फेरीत पोचला. पण त्यांचा मला सर्वांत प्रिय असलेला सामना १९६६ सालचा, कलकत्त्याचा. डेव्हिस चषकात ब्राझीलशी दोन-दोन अशी बरोबरी झालेली, निर्णायक सामना थॉमस कॉखशी. कृष्णन दोन सेट हरलेले, एक जिंकलेला, आणि चौथ्यात दोन-पाच असे मागे. तिथून त्यांनी तो सेट सात-पाच आणि पाचवा सहा-दोन असा जिंकला आणि भारत प्रथमच डेव्हिस चषकाच्या अखेरच्या लढतीला पोचला. कृष्णन हे काही तोफेसारखी सर्व्हिस असणारे खेळाडू नव्हते. हलका हात, अचूक नजर आणि शांत चेहरा हीच त्यांची शस्त्रे. दूर कशाला जा, २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले, त्या अंतिम सामन्यातही पहिला सेट दोन-सहा असा गेलेलाच होता.

आणि अमरावतीकरांना तर कणखरपणा पाहायला गावाबाहेरही जावे लागत नाही. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी स्थापन केलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आपल्या गावातच आहे. या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी आणि आपले देशी व्यायामप्रकार जगाला दाखवले होते. एका संध्याकाळी मी नातीला मल्लखांब बघायला नेले. एरंडेल लावलेल्या त्या गुळगुळीत खांबावरून आठ-नऊ वर्षांचा एक पोरगा घसरून खाली आला. त्याने कोणाकडेही पाहिले नाही, हात पुसले आणि पुन्हा खांबाला भिडला. दुसऱ्यांदा घसरला, तिसऱ्यांदा वर जाऊन पक्की पकड घेतली. "बघ," मी म्हणणार होतो, पण जीभ आवरली. परतताना नात आपणच म्हणाली, "आजोबा, तो घसरला तेव्हा कुणी काही बोललंच नाही ना!"

आईबापांनो, जरा ऐका

आता दोन शब्द माझ्यासारख्या कोर्टाबाहेर बसणाऱ्यांसाठी. मुलांना खेळात घालताना आपण रॅकेट, बूट, शिकवणी यांवर पैसा खर्चतो. आपल्या चेहऱ्याचा खर्च कोणी मोजत नाही. मूल गुण हरले की बाहेर बघते, आणि तिथे त्याला एक तर घर दिसते, नाही तर परीक्षेचा निकाल.

मी स्वतःला तीन नेम घालून घेतले. पहिला, सामना चालू असताना मुलाला दिसेल अशा जागी बसायचे नाही. आणि बसलोच तर पेपर वाचणाऱ्या माणसाचे तोंड ठेवायचे. दुसरा, परतीच्या प्रवासात सामन्याचा विषय आपण काढायचा नाही. तिने काढला तर ऐकायचे. शिकवायचे ते दुसऱ्या दिवशी, कोर्टावर. तिसरा, सामना संपल्यावर पहिला प्रश्न 'जिंकलीस का?' हा विचारायचा नाही. 'भूक लागली का?' हा विचारायचा. शिवाय आमच्या वऱ्हाडात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा मनाचे अर्धे दुखणे शरीराचे असते. घोट-घोट मीठ-साखरेचे पाणी, डोक्याला ओले फडके आणि बाजू बदलताना सावलीचा कोपरा, एवढ्यानेही पुष्कळ धीर येतो. तहानलेल्या पोराला धैर्याचे धडे देऊन काय उपयोग?

नोव्होत्नाचे पुढे काय झाले, हे नातीने मला विचारले होते. रडलेल्या त्या अंतिम सामन्यानंतर पाच वर्षांनी, १९९८ साली, तिने विम्बल्डन जिंकले. मधल्या काळात, १९९७ साली, ती आणखी एकदा अंतिम फेरीत हरली होती. मुलांना गोष्ट सांगताना आपण जिंकण्याचे वर्ष सांगतो. मधली पाच वर्षेही सांगायला हवीत.

पुन्हा अकोला

यंदाच्या मे महिन्यात आम्ही पुन्हा अकोल्याला गेलो. पुन्हा कांदा, पुन्हा पन्हे. सामना सुरू झाला तसा मी कोर्टापासून दूर, एका कडुनिंबाच्या बुंध्यामागे जाऊन बसलो. तिथून कोर्ट दिसत नव्हते. पंच नसल्याने सर्व्हिस करणारी मुलगी गुण मोठ्याने सांगे, तेवढेच कानांवर येई. पहिला सेट गेला, दुसरा आला. तिसऱ्यात माझ्या नातीचा आवाज ऐकू आला, "दोन-पाच!" मी डोळे मिटून घेतले. पण त्या आवाजात रडे नव्हते. तीन-पाच झाले, चार-पाच झाले, पाच-पाच झाले. माझ्या छातीत धडधडत होते. तिथे बसूनच मी तिचा विधी करीत होतो. लांब श्वास, पुढचा चेंडू, तीनदा आपटणे!

आणि मग तिने "आऊट!" म्हटलेले ऐकले. क्षणभर शांतता. पुन्हा तिचाच आवाज : "थांब. खूण रेषेवर आहे. मी पोचले नव्हते, पॉइंट तुझा."

त्या निंबाखाली मी किती वेळ बसलो होतो कोण जाणे. चाळीस वर्षे जी खूण मला दिसत होती, ती कोणीतरी हलक्या हाताने पुसल्यासारखे वाटले.

सामना ती पाच-सात असाच हरली. घामाने निथळत, तोंड लाल करून झाडापाशी आली.

"भूक लागली?" मी विचारले.

"खूप! आजोबा, तुम्ही बघितलंत?"

"छे! मी पेपर वाचत होतो."

"कुठंय पेपर?" ती हसली. मग पन्ह्याची बाटली तोंडाला लावून एका दमात अर्धी रिकामी केली आणि म्हणाली, "पुढची स्पर्धा कधी आहे हो?"

परतीच्या गाडीत ती बोलत होती आणि मी ऐकत होतो. ते पाच-पाचचे चेंडू, ती खूण, दुसऱ्या मुलीने नंतर हात हातात घेऊन काय म्हटले, सारे काही. त्या दिवशी बोरगाव मंजू कधी गेले, मूर्तिजापूर कधी आले आणि बडनेरा कधी आले, ते कळलेच नाही.